मिस विल्मट आणि सहा घंटा

मिस विल्मटना कुणी माफी मागितली की फार आवडायचं. माफ करणं मात्र त्यांच्या स्वभावात नव्हतं. माफी त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या, एकदाच मान हलवायच्या आणि ठेवून द्यायच्या. आई लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून ती कोनाड्यात ठेवायची, तशी. मुरायला.

दोह्याच्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी आणि इतिहास शिकवायच्या. ही सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. दोह्यात तेव्हा इंग्रज बायका पुष्कळ होत्या, पण त्या कंपन्यांच्या कॉलनीत राहायच्या, गवताला पाणी घालायच्या आणि संध्याकाळी क्लबात जायच्या. मिस विल्मट एअरपोर्टच्या रस्त्यावर एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि आम्हा भारतीय मुलांना शिकवायच्या. उंच, हाडकुळ्या, नाक कायम उन्हाने सोललेलं. मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ, त्याच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली जादा भोकं. चहा त्या गार करून प्यायच्या. गरम चहा पिणारा माणूस उतावळा असतो, असं त्यांचं मत होतं.

कुणी विचारलं, "मिस, तुम्ही कतारला का आलात?" तर म्हणायच्या, "विदरकोटपासून याहून लांब नोकरी मिळाली नाही म्हणून."

विदरकोट हे त्यांचं गाव. इंग्लंडातलं एवढंसं गाव, पण आम्हाला ते दोह्यापेक्षा जास्त पाठ होतं. इतिहासाच्या पुस्तकात राजे होते. मिस विल्मट पुस्तक मिटायच्या आणि फळ्यावर विदरकोट काढायच्या. मधोमध बाजाराचा चौक, चौकात जुना दगडी क्रूस. डावीकडे पाववाल्याचं दुकान, त्याच्या वर घड्याळजी. उतारावर विहीर, तिला मे महिन्यात फुलांनी सजवायचं. टोकाला चर्च, चर्चचा चौकोनी मनोरा, आणि मनोऱ्याच्या सावलीत एका ओळीत सहा बुटक्या खोल्या. गावातल्या चांगल्या वर्तणुकीच्या म्हाताऱ्या माणसांना त्या खोल्या फुकट राहायला मिळत. "मला मिळणार नाही," असं मिस विल्मट त्या खोल्या काढताना दर वेळी म्हणायच्या.

दुसऱ्या कुणी हे गाव शिकवलं असतं तर ते सुंदर वाटलं असतं. मिस विल्मट ते आरोपपत्रासारखं शिकवायच्या. क्रुसाचा एक कोपरा तुटलेला होता. तो कुणी तोडला? कसायाच्या थोरल्या मुलाने, गाडी मागे घेताना. नाव कुणावर आलं? दूधवाल्याच्या घोड्यावर. लेंटचे उपास लागायच्या आदल्या दिवशी बायका तव्यातला पॅनकेक उडवत चर्चपर्यंत पळत. पहिली कोण आली? मिस विल्मटची आत्या. बक्षीस कुणाला मिळालं? डॉक्टरच्या बायकोला. आम्ही ते सगळं वहीत उतरवून घ्यायचो. परीक्षेत प्रश्नही यायचा.

या सगळ्या आरोपींचा राजा होता मिस्टर पाइक. वर्गात कुणी कॉपी केली की मिस विल्मट ओरडायच्या नाहीत. वहीकडे बघून हळूच म्हणायच्या, "अगदी पाइक." आमच्यात तो शब्दच पडला. क्रिकेटमध्ये आउट असून कुणी बॅट सोडली नाही की सगळे ओरडायचे, "पाइक! पाइक!"

मी वर्गात बोलत नसे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, बसमध्ये हिंदी. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना माझी जीभ उंबऱ्यावरच राहायची. बाकीच्या शिक्षकांनी माझ्या प्रगतिपुस्तकात 'लाजाळू' असं लिहिलं. मिस विल्मट माझ्या बाकापाशी येऊन म्हणाल्या, "तू बोलत नाहीस, पण तू बघतेस. चांगलं आहे. कुणीतरी बघणारं असायलाच हवं." हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस कुणाला न दाखवता जवळ बाळगलं.

त्यांची पद्धत मला पहिल्यांदा कळली ती मार्मालेडच्या वेळी. हिवाळ्यात इंग्रज बायकांचा एक बाजार भरायचा. त्यात मार्मालेडची, म्हणजे संत्र्याच्या सालीसकट मुरांब्याची, स्पर्धा असायची. एका बड्या साहेबाच्या बायकोने मिस विल्मटना सगळ्यांसमोर विचारलं, "अय्या, तुम्ही इंडियन मुलांना शिकवता? काय धीर म्हणायचा तुमचा!" आणि पहिलं बक्षीसही तिनेच नेलं. मिस विल्मटनी तिची बरणी उन्हात धरून पाहिली. सालीचे तुकडे सगळे एकाच मापाचे होते. घरातली सुरी असं कापत नाही. ते डब्यातलं मार्मालेड होतं, दुकानातून आणलेलं, फक्त बरणी बदललेली.

त्या काही बोलल्या नाहीत. वर्ष गेलं. पुढच्या हिवाळ्यात त्याच बाजारात, सगळ्या बायका जमलेल्या असताना, त्यांनी त्याच कंपनीचा बंद डबा लाल रिबीन बांधून त्या बाईच्या हातात दिला. "तुमची मागच्या वर्षीची पाककृती मला फार आवडली. सूकच्या बाजारात आणखी मिळाली म्हणून घेऊन आले."

शनिवारी शाळा उघडल्यावर हे सगळं आम्हाला इतिहासाच्या तासाला शिकवलं गेलं. सादिकने विचारलं, "मिस, वर्षभर तुम्हाला राग आला नाही?"

सादिक आमच्या वर्गातला सगळ्यात बडबड्या मुलगा. मूळ रत्नागिरीकडचा, वडील बंदरावर कामाला.

"मी रागावलेली नसते, सादिक," मिस विल्मट म्हणाल्या. "मी फक्त थांबलेली असते."

पाइकचं प्रकरण त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. विदरकोटच्या मनोऱ्यात सहा घंटा होत्या. पाइक हा घंटा वाजवणाऱ्यांचा प्रमुख. तिथे घंटा वाजवायची रीत आपल्यासारखी नाही. तिला सूर नाही, गाणं नाही. पहिल्यांदा लहान घंटेपासून मोठीपर्यंत ओळीने सहा टोले. पुढच्या फेरीत शेजारच्या घंटांनी आपसात जागा बदलायच्या. त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा. अशी प्रत्येक घंटेची ओळीतून जायची एक ठरलेली वाट असते. सहा घंटांचे जेवढे म्हणून क्रम होतात तेवढे सगळे वाजवायचे आणि एकही क्रम दोनदा वाजवायचा नाही. सगळे संपले की घंटा आपोआप पहिल्या ओळीत येतात. याला ते 'घरी येणं' म्हणतात. मध्येच दोन घंटा चुकून एकमेकींच्या वाटेवर गेल्या तर प्रमुखाने "स्टँड!" म्हणून सगळं थांबवायचं, कारण मग क्रम पुन्हा पुन्हा येतात आणि वाजवलेलं सगळं खोटं ठरतं.

मिस विल्मटचे वडील पाचवी घंटा वाजवायचे. मुलींना दोराला हात लावायची मनाई होती, म्हणून त्या लहानपणी मनोऱ्याच्या जिन्यात बसून ऐकायच्या. एका रविवारी पाइकच्या मंडळींनी सगळे क्रम पुरे केले. गाव टाळ्या वाजवायला जमलं. पण मध्यावर दोन घंटांनी वाटा बदलल्या होत्या आणि थोड्या वेळाने त्या गुपचूप आपापल्या वाटेवर परत आल्या होत्या. जिन्यातल्या मुलीने ते ऐकलं होतं. ती सगळ्यांसमोर तसं म्हणाली. पाइक हसला. "मुलींना चुकीचं ऐकू येतं," असं म्हणाला. पुढच्या रविवारी वडिलांनी तिला चर्चच्या दारात उभं केलं आणि पाइकची माफी मागायला लावली. मनोऱ्यात त्या पराक्रमाची लाकडी पाटी लागली, सोनेरी अक्षरांत. वडिलांचंही नाव तिच्यावर होतं.

"त्यांनी माझी माफी घेतली," मिस विल्मट म्हणाल्या. "ती मला परत हवी आहे."

म्हणून त्यांनी आमच्यातली सहा मुलं निवडली. विदरकोटच्या घंटावाल्यांचं दर वर्षी उन्हाळ्यात एक जेवण असायचं. त्या जेवणात त्यांना एक कॅसेट ऐकवायची होती. पाइकने ज्याची पाटी लावली, तेच सगळंच्या सगळं, पण खरं. आणि ते वाजवणार कोण, तर दोह्यातली सहा पोरं, त्यातल्या तीन मुली.

घंटा जमवणं हेच एक प्रकरण झालं. शाळेची जुनी पितळी घंटा मिळाली. फिलोमिना नावाच्या गोव्याच्या मुलीच्या घरी जेवणाच्या टेबलावरची घंटी होती. सूकमधून शेळ्यांच्या गळ्यातल्या दोन आल्या. सादिकच्या वडिलांनी मोडीत निघालेल्या एका लाँचवरची घंटा आणली. ती सगळ्यात खर्जातली. पण सादिकला मिळाली शेळीची, तिसऱ्या नंबरची.

"जहाजाची घंटा माझ्या बापाने आणली, नि मी बकरीची वाजवू?" तो माझ्याकडे मराठीत कुरकुरला.

"मिसना सांग," मी म्हटलं.

"तू सांग ना गो. तुझं ऐकतात त्या."

सगळ्यात बारीक आवाजाची पहिली घंटा राहिली होती. ती आमच्या देवघरात होती.

मिस विल्मट आमच्या घरी आल्या तो दिवस मला नीट आठवतो. आई साताऱ्याकडची, तिला इंग्रजी येत नव्हतं आणि ते येत नसल्याचं दुःखही नव्हतं. तिने पाहुणीला पोहे दिले आणि समोर बसून तिच्या नाकाकडे पाहत राहिली.

"एवढ्या उन्हात टोपी घालायला काय होतं हिला?" आई मला म्हणाली. "काय पाहिजे विचार."

मी सांगितलं. आईचा चेहरा बदलला. "देवाची घंटी? मडमेला वाजवायला?"

मग मी पाइकची सगळी गोष्ट मराठीत सांगितली. एका दमात इतकं मी घरीसुद्धा कधी बोलले नव्हते. जिन्यातली मुलगी, सोनेरी पाटी, चर्चच्या दारातली माफी. आई ऐकता ऐकता पुन्हा वाढलेल्या पोह्यांवर खोबरं पेरायची थांबली. धाकट्या नणंदेच्या लग्नात आई तीन दिवस चुलीपाशी राबली होती आणि मानाची साडी नेसून मांडवात मिरवल्या होत्या मोठ्या जाऊबाई. त्याला वर्षं झाली होती. आई त्या लग्नाचा फोटो अजून भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

ती उठली. घंटी घेऊन आली. हळदकुंकू पुसून मिस विल्मटच्या हातात दिली.

"हिला सांग, देते. पण त्या मेल्याच्या कानात गेली पाहिजे."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. मिस विल्मटनी आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. कळायची गरजही दिसत नव्हती.

शहरात भलत्या वेळी घंटा वाजवून लोकांच्या डोळ्यांवर यायचं नव्हतं, म्हणून शुक्रवारी सकाळी मिस विल्मट आम्हाला आपल्या जुन्या गाडीत कोंबून अल वक्र्याला न्यायच्या. तिथे समुद्राच्या कडेला कोळ्यांची जुनी घरं ओस पडलेली होती. पहिले कितीतरी शुक्रवार घंटांना हात नव्हता. वाळूत ओळीने उभं राहायचं आणि नुसत्या जागा बदलायच्या. एक पाऊल पुढच्या जागी, एक मागच्या, कधी जागेवरच. ओलसर वाळूत आमच्या पावलांची वेणी उमटायची. मिस विल्मट कमरेवर हात ठेवून त्या वेणीकडे बघायच्या. कुठे पेड चुकला की तिथे चपलेने फुली मारायच्या. जाळी विणत बसलेला एक म्हातारा आम्हाला बघून दर वेळी हसायचा. सादिक त्याला ओरडून सांगायचा, "इन्शाल्ला, खलास होईल एक दिवस!"

वाट पायात बसल्यावर हातात घंटा आल्या. दोन हिवाळे गेले. माझी वाट सगळ्यात सोपी होती, सरळ मागे जायचं आणि सरळ पुढे यायचं. त्यामुळे मला बाकीच्यांच्या वाटा ऐकायला फुरसत होती. मी सगळ्यांच्या ऐकत असे.

शेवटी तो शुक्रवार आला. उन्हाळ्याची सुट्टी लागत होती. फिलोमिनाचं कुटुंब दुसऱ्याच संध्याकाळी गोव्याला कायमचं चाललं होतं. विदरकोटचं जेवणही जवळ आलं होतं. म्हणजे पुन्हा संधी नव्हती. एका पडक्या घराच्या अंगणात आम्ही गोल उभे राहिलो. मिस विल्मटनी रेकॉर्डर दगडावर ठेवला, बटण दाबलं आणि डोळ्यांनी खूण केली.

अर्ध्याच्या पुढे गेलो असू. पडक्या दारातून एक बकरी आत आली आणि माइकची वायर हुंगायला लागली. मिस विल्मट चवड्यांवर धावल्या. आवाज न करता तिला टोपीने हाकलू लागल्या. सादिकला हसू आलं. फिलोमिनाने त्याच्याकडे पाहिलं. आणि सादिकची तिसरी आणि फिलोमिनाची चौथी घंटा एकमेकींच्या वाटेवर गेली. मी ऐकलं. किती वेळ गेला कोण जाणे, बकरी बाहेर गेली, सादिकने फिलोमिनाकडे डोळे मोठे केले आणि दोघं आपापल्या वाटेवर परत आली. आम्ही घरी आलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

मिस विल्मट रडत होत्या. मी त्यांना आधी किंवा नंतर कधी रडताना पाहिलं नाही. गाडीतून व्हिम्टो सरबताच्या बाटल्या आल्या, मुलं उड्या मारत होती. मी मिसच्या बाहीला हात लावला.

"मिस, बकरी आली तेव्हा तीन आणि चार एकमेकांच्या वाटेवर गेले होते."

उड्या थांबल्या.

"काय गो," सादिक म्हणाला, "कधी नाय ते तोंड उघडलंस, ते ह्यासाठी?"

मिस विल्मटनी रेकॉर्डर उचलला. भिंतीशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, कानाला लावून टेप ऐकली. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. पाठ आधी तालावर बारीक हलत होती. मग एका जागी ती थांबली. टेप पुढे चालूच होती, पण पाठ हलली नाही. त्यांनी ऐकलं होतं.

त्या वळल्या. डोळे कोरडे होते.

"तुला चुकीचं ऐकू आलं," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित मी विसरले असते. पण दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी आम्हा सहाजणांना बोलावलं आणि मला म्हणाल्या, "सादिकने चूक केली असं तू म्हणालीस. त्याची माफी माग." त्यांना कळत होतं त्या काय करताहेत. चर्चच्या दारात उभं राहिलेल्या बाईला ते कळणार नाही तर कुणाला? मी म्हटलं, "सॉरी, सादिक." त्यांनी माझी माफी ऐकून घेतली, एकदाच मान हलवली.

बसमध्ये सादिक माझ्या शेजारी येऊन बसला. खिडकीकडे बघत म्हणाला, "मला म्हाईत आहे गो. चुकलोच होतो आम्ही."

"मग बोलला का नाहीस?"

"मिस किती खूश होत्या, बघितलंस नाय?" त्याने खिशातून च्युइंगगम काढलं, अर्धं तोडून मला दिलं. मी ते घेतलं. सादिकचा मला कधी राग आला नाही.

त्या रात्री मी जेवले नाही म्हणून आईने खोदून विचारलं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "मग आता हिच्यात आणि त्या मेल्यात फरक काय राहिला?" सकाळी साडी बदलून ती माझ्याबरोबर बसमध्ये चढली. तडक शिक्षकांच्या खोलीत गेली. मिस विल्मट गार चहा पीत होत्या. आईने हात पुढे केला आणि तिला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी वापरलं.

"बेल. गिव्ह."

मिस विल्मटनी कपाटातून घंटी काढून दिली.  घरी आल्यावर आईने ती चिंच लावून घासली. पुन्हा घासली. मग देवघरात ठेवली आणि म्हणाली, "पोरीला खोटं पाडलं हिने. देव बघून घेईल." आणि थोड्या वेळाने, "नाहीतर तू बघ."

कॅसेट मात्र गेली. सुट्टीनंतर मिस विल्मटनी विदरकोटच्या मावसबहिणीचं पत्र वर्गात वाचून दाखवलं. जेवणात कॅसेट लावली होती. मंडळी जेवायची थांबून ऐकत होती. दोह्यातली लहान मुलं हे वाजवताहेत, यावर आधी कुणाचा विश्वास बसेना. शेवटी घंटा घरी आल्या तेव्हा लोक उभे राहिले. पाइक तेवढा बसून राहिला. मग काठी घेऊन काही न बोलता निघून गेला आणि पुन्हा मनोऱ्याकडे फिरकला नाही. ते वाचताना मिस विल्मटनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

पुढे मला सुचलं ते असं: पाइकला ती चूक ऐकू आली असणार. वाटा बदलून गुपचूप परत येणं कसं ऐकू येतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण तोंड कसं उघडणार? आणि हे मिस विल्मटनी त्या भिंतीशी उभं राहून आधीच ताडलं होतं का, ते मला माहीत नाही. त्यांच्या बाबतीत काहीही शक्य होतं.

वर्षभराने त्या शाळा सोडून गेल्या. निरोपाच्या दिवशी सगळ्या मुलांनी त्यांना कार्डं दिली. मी दिलं नाही. मी रागावलेली नव्हते.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी शिकायला इंग्लंडात होते. वसंतात एका दुपारी बस बदलत बदलत विदरकोटला गेले. काय बोलायचं ते बसमध्ये मनात पक्कं केलं होतं. उतरल्यावर कुणाला काही विचारावं लागलं नाही. पाववाल्याच्या जागी व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, बाकी गाव फळ्यावरचंच. क्रुसाच्या तुटक्या कोपऱ्यावर मी बोट ठेवून पाहिलं. कसायाचा मुलगा, मी मनात म्हटलं.

मनोऱ्याचं दार उघडं होतं. सरावाची संध्याकाळ होती. जिना चढून वर गेले तर दोरांपाशी चार बायका आणि दोन पुरुष. प्रमुख माझ्याहून जेमतेम मोठी, ओव्हरॉलवर ग्रीसचे डाग. भिंतीवर पाट्या होत्या. एका जागी पाटी काढल्याचा फिकट चौकोन होता, पाइकचीच असणार. त्याखाली एक लहान नवी पाटी: दोह्याची सहा मुलं, आणि शिकवणाऱ्या मिस विल्मट. सोनेरी अक्षरांत पहिलं नाव माझं.

"यातली पहिली मी," मी म्हटलं.

त्यांनी एकच गलका केला. कुणी खुर्ची दिली, कुणी हात हातात घेतले. ग्रीसवाली म्हणाली, "तुम्हाला कल्पना नाही. ती कॅसेट ऐकल्यावरच यांनी आम्हाला दोर धरू दिले. तोवर बायका जिन्यात."

ती कॅसेट खोटी होती, हे पक्कं केलेलं वाक्य मी गिळलं. या बायकांशी माझं काही वैर नव्हतं. माझं देणंघेणं एकाच माणसाशी होतं.

मिस विल्मट मनोऱ्याच्या सावलीतल्या सहा खोल्यांपैकी चौथीत राहत होत्या. खोली मिळाली होती. दारापुढच्या बाकावर गार चहा घेऊन बसल्या होत्या. नाक आता सोललेलं नव्हतं. मनगटावर तेच घड्याळ, पट्ट्याला आणखी एक भोक. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"बघणारी मुलगी," त्या म्हणाल्या. "मोठ्याने बोल. कान गेले माझे."

मी शेजारी बसले. आईची चौकशी झाली, सादिकची झाली. तो आता दुबईला असतो, असं मी ओरडून सांगितलं. मग वर घंटा सुरू झाल्या. मिस विल्मटना त्या ऐकू येत नव्हत्या, पण बाकाच्या फळीतून थरथर कळत असावी. त्यांनी कप खाली ठेवला आणि कानामागे हात धरला.

"सगळं वाजवणार आहेत आज. पहिल्यांदाच," त्या म्हणाल्या. "मुलींनी वर्षभर मेहनत घेतली आहे. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर माझा भरवसा नाही. तू ऐक. शेवटपर्यंत ऐक, आणि मला सांग, खरं वाजवलं का."

मी ऐकलं. बाकावर त्यांच्या शेजारी बसून, शेवटपर्यंत, प्रत्येक घंटेच्या वाटेने जात. उन्हं मनोऱ्यावरून उतरली. घंटा घरी आल्या आणि थांबल्या. वरून हसण्याचे आवाज आले.

मिस विल्मटनी माझं मनगट धरलं. "सांग."

"मला चुकीचं ऐकू येतं, मिस," मी मोठ्याने म्हटलं. त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू आलं. लाल रिबिनीचा डबा देतानाची गोष्ट सांगताना यायचं तेच.

"केवढी थांबलीस," त्या म्हणाल्या, आणि त्यात अभिमान होता, हे मी नाकारणार नाही. मग हसू गेलं. मनगटावरची पकड घट्ट झाली. "पण आता सांग. मला सांगणारं दुसरं कुणी नाही."

मी हात सोडवून घेतला, पर्स उचलली. "माझी बस आहे."

चौकाच्या वळणावर मी एकदा मागे पाहिलं. त्या तशाच बसल्या होत्या, कानामागे हात, तोंड वर मनोऱ्याकडे. तिथे आता काहीच वाजत नव्हतं.

त्या संध्याकाळी विदरकोटच्या बायकांनी एकही चूक केली नाही.